दोन सप्टेंबरला बदलायची ट्यूब

कीलुंग, १४ मार्च

प्रिय पो-हान,

गेल्या वर्षी अकरा ऑक्टोबरला, शनिवारी, दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी तू माझ्या घरातली एक वस्तू मला न विचारता काढलीस, चार मजले उतरून खाली गेलास आणि कचऱ्याच्या गाडीमागून येणाऱ्या भंगाराच्या गाडीत देऊन टाकलीस. वेळ मी अंदाजाने लिहीत नाही. ती गाडी तिचं गाणं वाजवत आपल्या गल्लीत चार वीसलाच वळते, आणि वळली नाही तर मीच कचेरीत फोन करते. वस्तू कोणती ते तुला माहीत आहे, तरी तक्रारीत लिहावं लागतं. आपल्या सरड्याच्या, लाव-चिआंगच्या, काचेच्या पेटीवरची दोन फुटी ट्यूब, जिच्या एका टोकाशी काळ्या पेनने शिन-रूच्या हातच्या दोन ओळी होत्या. तुझ्या बायकोच्या, माझ्या मुलीच्या हातच्या. तिची वह्या-पुस्तकं तू तुमच्या घरी नेलीस, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण माझ्या घरात तिचं अक्षर तेवढंच होतं.

सिस्टर क्लोटिल्ड आम्हाला शाळेत सांगायच्या, "मुलींनो, गाऱ्हाणं मांडायचं तर आधी तारीख, मग वेळ, मग काय झालं ते. रडणं सगळ्यात शेवटी, आणि तेही कागद उरला तर." पुढे तीस वर्षं मी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत लोकांच्या तक्रारी वाचल्या. लोक पहिल्याच ओळीत रडायला लागतात आणि नळ कुठल्या गल्लीतला ते लिहायचंच विसरतात. म्हणून मी नीट क्रमाने लिहिते आहे. तूही नीट क्रमाने वाच. शेवटाकडे आधी पळू नकोस, तुझी ती खोड मला माहीत आहे. वर्तमानपत्रही तू मागच्या पानापासून वाचतोस.

त्या दिवशी मी जिन्यात काय बोलले, तेही इथे नोंदवते. तू दुसऱ्या मजल्यावर पोहोचला होतास आणि मी वरून कठड्यावर वाकून ओरडले, "एकदा तिला स्मशानात दिलीस, आता कचऱ्यात दे! हौस फिटली का?" लियावबाईंचं दार उघडलं, मग खालचं उघडलं, आणि कुणाच्या तरी हातातली भांडी वाजायची थांबली. तू वर पाहिलंस. ट्यूब दोन्ही हातांत आडवी धरली होतीस, झोपलेलं मूल न्यावं तशी.  पुन्हा उतरायला लागलास. मला वाटलं होतं, तू उलट उत्तर देशील. देतोस की तू! पहिल्या भेटीत दिलंच होतंस.

ती भेट आठवते का तुला? नऊ वर्षं झाली. शिन-रूने बाजारातून हातभर लांबीचंही नसलेलं ते पिल्लू आणलं होतं, तांबूस, गाठाळ, चपटं. मी म्हटलं, हे काय भाजीतलं आलं आणलंस का? तर ती म्हणाली, "हो आई, आणि नाव ठेवलंय लाव-चिआंग. जुनं आलं. जितकं म्हातारं तितकं तिखट. तुझ्यावरूनच ठेवलंय." मी आठवडाभर तिच्याशी बोलले नाही, आणि त्या आठवड्यात सरड्याला रताळ्याची पानं मीच चिरून घातली. मग तू आलास. मुलीच्या घरी पहिल्यांदा येणारा मुलगा फळांची पेटी आणतो, केक आणतो. तू आलास, बूट काढलेस, मला वाकून नमस्कार केलास आणि सरळ त्या पेटीपाशी जाऊन उकिडवा बसलास. आणि म्हणालास, "काकू, हा दिवा तुम्ही काचेच्या बाहेरून लावलाय. त्याचा काही उपयोग नाही. काच उजेड सोडते, पण त्याला हवं ते अडवते." मी विचारलं, "तुम्ही बंदरात क्रेन चालवता की लोकांच्या घरचे दिवे तपासता?" तू म्हणालास, "क्रेनच चालवतो काकू, पण लहानपणी सात पाली पाळल्या होत्या." सात पाली! शिन-रू स्वयंपाकघरात ओट्याला धरून हसत होती. मला तेव्हाच कळलं की ही आता गेली आपल्या हातून.

मी तुला तो दिवा माफ केला नाही. आज सांगते, कधीच केला नाही. माझं म्हणणं होतं की खिडकीत ठेवलं की ऊन मिळतं. ज्या गावात वर्षातले दोनशे दिवस पाऊस पडतो, त्या गावात, काचेच्या खिडकीतून, काचेच्या पेटीत! पण तू चुकीचा असायला हवा होतास, म्हणून मी दोन वर्षं पेटी खिडकीतच ठेवायला लावली होती. तू काही न बोलता वरची काच काढून तिथे जाळी बसवलीस आणि जाळीवर ट्यूब. प्रत्येक वेळी असंच केलंस. बोलायचं एकदा, मग गप्प राहून करायचं. माझ्या जिभेला हाड नाही असं गल्ली म्हणते. तुझी जीभच नसावी असं मला वाटायचं.

शिन-रू आजारी पडली आणि तुझ्या पाळ्या सुटेनात, म्हणून ती माझ्याकडे राहायला आली तेव्हा एक बॅग आणि ती पेटी एवढंच घेऊन आली. इस्पितळ इथून जवळ, हे कारण. खरं कारण तिने मला एकदाच सांगितलं: "आई, पो-हान रात्रभर माझ्याकडे बघत बसतो आणि सकाळी क्रेनवर चढतो. एखाद्या दिवशी पडेल. तू निदान घोरतेस तरी." तू रोज पाळी संपली की माशाच्या गोळ्यांचं सूप घेऊन यायचास आणि ती दोन चमचे खाऊन उरलेलं मला द्यायची, तू बघत नसताना. मी ते संपवायचे आणि रिकामा डबा तुला दाखवायचे. हे तुला आज पहिल्यांदा कळत असेल. त्याबद्दलही तक्रार करायची असेल तर कर.

दोन मार्चला तिने ट्यूब बदलली. स्वतः. स्टुलावर चढली, मी कमरेला धरलं होतं. कमर कसली, कपड्यांच्या आत काही उरलंच नव्हतं. मी म्हटलं, पो-हानला येऊ दे की. तर म्हणाली, "तो लावेल, पण तुला शिकवणार नाही. तुला शिकायला हवं." मग खाली बसून, दम घेत घेत, तिने मला सगळं पुन्हा सांगितलं, जणू मी ती पेटी आधी कधी पाहिलीच नव्हती. उबेचा दिवा एका कोपऱ्यात, म्हणजे त्याला हवं तेव्हा उबेत आणि हवं तेव्हा सावलीत जाता येतं. ट्यूब पेटीच्या निम्म्याहून जास्त लांबीची, अंगापासून एक फुटावर, मध्ये काच नाही, प्लास्टिक नाही. सकाळी सातला लावायची, संध्याकाळी सातला बंद. हिवाळ्यात दोन तास कमी. रात्री अंधार म्हणजे अंधार. आणि ही ट्यूब सहा महिन्यांनी बदलायची, कारण ती आतून संपते. जळत राहते, खोलीत उजेड तेवढाच पडतो, पण हाडांसाठी लागणारे अतिनील किरण त्यातून निघेनासे होतात, आणि ते आपल्याला दिसत नसल्यामुळे गेलेलेही कळत नाहीत. "म्हणून सरडे पाळणारे सगळे ट्यूबवर तारीख लिहितात, आई. डोळ्यांवर भरवसा ठेवायचा नाही." असं म्हणून तिने पेनचं टोपण दातांनी काढलं आणि लिहिलं: "लावली दोन मार्च, बदलायची दोन सप्टेंबर." आणि त्याखाली लहान अक्षरात: "आई, विसरू नकोस."

दोन सप्टेंबरला ती नसणार हे तिला माहीत होतं. मलाही होतं. आम्ही दोघी त्या ट्यूबकडे बघत बसलो आणि मग मी विचारलं, रात्री भात खाणार की पेज. एकोणीस जूनला ती गेली.

त्यानंतर मी रोज सकाळी सातला दिवे लावले. एक दिवस चुकले नाही. ताप होता तेव्हा लावले, वादळात वीज गेली तेव्हा पेटीत गरम पाण्याच्या बाटल्या ठेवल्या. दिवे लावून मी समोर चहा घेऊन बसायचे आणि त्या दोन ओळी वाचायचे. इथल्या दमट हवेत शाई पसरू नये म्हणून त्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावली. तू दर दुसऱ्या शनिवारी यायचास, टोळांचा डबा आणायचास, पेरू आणायचास, आणि आपण दोघं लाव-चिआंगला खाताना बघायचो. बोलायला आपल्याकडे काय होतं? पण बसायचास तू दोन तास. नव्या वर्षाचा दुसरा दिवस लेकी-जावयांचा. गेल्या वर्षी, लेक नसलेल्या घरी जावई कशाला येतो, असं लियावबाई म्हणाल्याच होत्या. तू आलास. मी तीन वाट्या मांडल्या आणि तू तिसरी उचलून आत ठेवली नाहीस, तिच्यातही सूप वाढलंस.

यंदा दुसऱ्या दिवशी मी मासा वाफवला होता. बारापर्यंत थांबले. मग लियावबाई संत्र्यांची पेटी घेऊन वर आल्या: "तुमचा जावई खाली ठेवून गेला हो. वर चला म्हटलं, तर म्हणाला, आईंना त्रास नको." चार मजले चढायला तुला जमलं नाही आणि मला खिडकीतून हाक मारायला जमली नाही. दिसत होतास मला तू, छत्री न उघडता उतारावरून जाताना.

आता बातमी. फेब्रुवारीच्या शेवटी लाव-चिआंग त्याच्या लाकडावर चढत होता, वीतभर उंचीवर, आणि घसरला. उजवा पुढचा पाय मोडला. असा मोडला, की मला आवाजसुद्धा आला नाही. तीन मार्चला मी त्याला टॉवेलमध्ये गुंडाळून डॉक्टर ख्योंकडे नेलं. त्यांनी फोटो काढला आणि दिव्यासमोर धरला. मी बायकांच्या हाडांचे फोटो पाहिले आहेत, माझ्या स्वतःच्या गुडघ्याचा पाहिला आहे. हाड पांढरं दिसतं. याची हाडं दिसतच नव्हती. धुक्यात बंदर दिसावं तेवढी. जबडा त्यांनी दोन बोटांनी दाबला तर तो वाकला. डॉक्टर तरुण आहेत, पण चांगले आहेत. त्यांनी विचारलं, "आजी, ट्यूब कधी बदलली?" मी म्हटलं, ऑक्टोबरात. "बरोबर आहे. त्याआधीची किती दिवसांची होती?" मी म्हटलं, सहा महिन्यांची. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्याशी तीस वर्षं लोक खोटं बोलत आले, तेव्हा मी असंच बघायचे. मग ते हळूच म्हणाले, "हे सहा महिन्यांत होत नाही आजी. वर्ष तरी त्याला काही मिळालेलं नाही. ऑक्टोबरात बदलली नसती, तर आज तुम्ही याला इथे आणलाच नसता. ज्याने बदलली त्याचे आभार माना." पाय बांधून दिला. औषधाचे थेंब दिले. म्हणाले, जगेल, पण जी हाडं वाकली ती वाकलेलीच राहतील. लाकूड काढून टाका, सपाट दगड ठेवा, याला आता चढायला देऊ नका.

मी घरी येऊन लाकूड काढलं. त्याला ते हवं असतं, पो-हान. तो जिथे लाकूड होतं तिथे जातो आणि मान वर करून बघत बसतो.

आणि दुसरी बातमी मला तुझ्याकडून कळायला हवी होती, ती लियावबाईंकडून कळली: की तुझी बदली दक्षिणेला काओशुंगच्या बंदरात झाली आहे आणि पंधरा एप्रिलला तू जाणार आहेस. त्यांचा भाचा तुझ्या शेजारी राहतो, तू खोलीतलं सामान विकायला काढलंस म्हणे. सगळ्या गल्लीला माहीत आहे. मी म्हटलं, हो, मला कळवलंय त्याने. आणखी एक खोटं.

आता ज्याच्यासाठी हे पत्र आहे ते. सिस्टर क्लोटिल्ड शनिवारी आम्हाला पापं कबूल करायला रांगेत उभं करायच्या. मी तर देव्हाऱ्यात उदबत्ती लावणाऱ्या घरातली, मला सक्ती नव्हती. पण त्या सगळ्या मुलींना काय सांगायच्या ते मला पाठ आहे. "जे केलं ते आधी सांग. का केलं ते कुणी विचारलेलं नाही." तर जे केलं ते असं. अकरा ऑक्टोबरला तू पेटीत हात घातलास आणि लाव-चिआंगच्या मागच्या पायाची थरथर बघितलीस. ट्यूबवरची तारीख वाचलीस. मला विचारलंस, "आई, स्टूल कुठे आहे?" मी म्हटलं, आतल्या कपाटात. तू स्टूल घेऊन बाहेर आलास तेव्हा तुझ्या हातात नवी ट्यूब होती. ती तू आणलेली नव्हतीस. ती माझ्या पांघरुणांच्या मागे होती, खोक्यात, आणि खोक्यावर दुकानाची पावती चिकटलेली होती: तीस ऑगस्ट, आदल्या वर्षीची. मी विसरले नव्हते, पो-हान. मी तीन दिवस आधी जाऊन ट्यूब आणली होती. दोन सप्टेंबरला सकाळी स्टूल मांडलं, चढले, जुनीला हात लावला आणि उतरले. म्हटलं, उद्या. तेरा महिने मी म्हटलं, उद्या. ट्यूब लागत होती ना. उजेड पडत होता. मी तिचं "विसरू नकोस" रोज वाचत होते आणि त्याच उजेडाखाली तिच्या जनावराची हाडं विरघळत होती. ती पावती तू वाचलीस. मी तुझे डोळे पावतीवरून फिरताना पाहिले. आणि मी जिन्यात सगळ्या गल्लीसमोर तुला ते बोलले, तेव्हा तुला एवढंच म्हणायचं होतं: "आई, नवी तुमच्याच कपाटात होती." एका वाक्यात माझं तोंड बंद झालं असतं. तू ते वाक्य चार मजले खाली घेऊन गेलास आणि पाच महिने कुणाला दिलं नाहीस. जुनी ट्यूब मला ठेवायला का दिली नाहीस, हेही मला समजतं. तू उतार उतरण्याआधी मी ती पुन्हा चढवली असती. मला माझी ओळख आहे. तूही मला इतकं ओळखतोस, याची मला आजवर कल्पना नव्हती.

तेव्हा माझी तक्रार मी मागे घेते, आणि तिच्या जागी तुझ्याविरुद्ध दुसरी दाखल करते: की तू गप्प राहिलास, आणि आता गप्पच निघून चालला आहेस. माझ्यापाशी आता तिच्या हातची खूण उरलेली नाही, आणि तिला ओट्याला धरून हसताना ऐकलेला दुसरा माणूस या गावात नाही. तू लावलेल्या ट्यूबवर तू तारीख लिहिली नाहीस. लिहायचं धाडस झालं नसेल. मी तुझ्या पाठीमागे ओरडायला उभीच होते. पण मला तारीख पाठ आहे. तिचे सहा महिने अकरा एप्रिलला भरतात, शनिवार आहे. नवी आणून ठेवली आहे, या वेळी कपाटात नाही, जेवणाच्या टेबलावर. ती तू येऊन लावायचीस आणि तारीख तुझ्या हाताने लिहायचीस. माझ्या हातावर माझा भरवसा राहिलेला नाही. पाच एप्रिलला पितरांचा दिवस आहे. मी सकाळी आठला तिच्या अस्थींपाशी असेन, तिचे पेरू नेईन, आणि जावई कुठे आहे असं तिने विचारलं तर मला काहीतरी सांगावं लागेल. म्हणून येतोस की नाही, याचं लेखी उत्तर, कागदावर, तुझ्या अक्षरात, चार एप्रिलला संध्याकाळी पाचपर्यंत माझ्या टपालपेटीत पडलं पाहिजे. फोनवरचा निरोप धरला जाणार नाही. लियावबाईंच्या हाती पाठवलेली संत्री धरली जाणार नाहीत.

तुझीच,
आई
(त्साय सू-च्यू, चौथा मजला)